जुना संगणक, नवा संगणक आणि मधला दुभाषी

गोंदियाच्या स्थानकावर ज्यांनी पूर्वी गाडी बदलली आहे, त्यांना तेथील एक दृश्य आठवत असेल. त्या एकाच स्थानकात दोन जातींचे रूळ होते. हावड्याकडे जाणारा मोठा रूळ साडेपाच फूट रुंदीचा, आणि बालाघाट, नैनपूरवरून जबलपूरकडे जाणारा लहान रूळ अडीच फूट रुंदीचा. १ मे १९९९ रोजी गोंदिया हा निराळा जिल्हा झाला. तोपर्यंत हे स्थानक आपल्या भंडारा जिल्ह्यातच मोडत असे. चालू शतकात त्या लहान रुळाचा मोठा रूळ झाला. पण त्याआधी कितीतरी वर्षे दोन्ही गाड्या तेथे सुखाने नांदत होत्या. स्थानक एक, स्टेशनमास्तर एक, घड्याळही एकच. मात्र मोठ्या रुळाच्या इंजिनाला लहान रुळाचा डबा जोडावा असे कोणाच्या मनातही येत नसे, कारण ते अशक्य आहे हे डोळ्यांना दिसत होते. संगणकाच्या पोटात नेमका हाच प्रकार चालतो. फरक इतकाच की तेथील रूळ डोळ्यांना दिसत नाहीत, आणि म्हणून शहाणीसुरती माणसेही तो डबा त्या इंजिनाला जोडण्याची खटपट दिवसच्या दिवस करीत बसतात.

विषय तांत्रिक आहे, पण तो आपल्या जिल्ह्यातल्या धानाच्या गिरणीपर्यंत येऊन पोहोचलेला आहे. अशाच एका गिरणीतील प्रसंग सांगतो. गिरणीच्या दाराशी धर्मकाटा. धानाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली काट्यावर चढते, भरलेले वजन नोंदले जाते. रिकामी होऊन परत येते, रिकामे वजन नोंदले जाते. वजाबाकी होऊन पावती निघते. हे काम करणारा प्रोग्राम व्हिज्युअल बेसिक ६ या १९९८ सालच्या साधनाने रचलेला, आणि त्याच्या नोंदी अ‍ॅक्सेस जातीच्या एका फायलीत साठलेल्या. पुढे काही वर्षांनी दुसऱ्या एका कारागिराने त्याच फायलीतून शेतकरीवार खाते छापून देणारा छोटासा दुसरा प्रोग्राम करून दिला. हा कारागीर पुढे नोकरीनिमित्त परप्रांती गेला आणि त्याच्या प्रोग्रामची मूळ संहिता त्याच्याबरोबरच गेली. गिरणीत उरला तो चालता प्रोग्राम. तो चालत होता तोवर कोणाची तक्रार नव्हती.

मग जुना संगणक धुळीने आणि उन्हाने थकला आणि नवा आला. धर्मकाट्याचा प्रोग्राम नव्या संगणकावर निमूटपणे चालू लागला. (नव्या यंत्राला काट्याची जुनी वायर लावण्याचे छिद्रच नव्हते, पण ते एका जोडतुकड्याने भागले.) खाते छापणारा प्रोग्राम मात्र हटून बसला. डेटाचा स्रोत सापडत नाही, एवढेच इंग्रजी वाक्य तो पुन्हा पुन्हा दाखवी. गिरणीचे दिवाणजी चाळीस वर्षे वह्या लिहिलेले गृहस्थ. त्यांनी मला बोलावून पडद्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, “यादीत तर नाव दिसून राहिलं ना साहेब, मग हा नाही कसा म्हणते?” खरोखरच नाव यादीत होते. चाचणीची कळ दाबली की ती यशस्वीही होत होती. आणि प्रोग्राम म्हणत होता, नाही.

त्याच दुपारी लाखांदूरकडचा एक शेतकरी दारात बसून होता. दोन हंगामांपूर्वी घातलेल्या धानाच्या वजनाबद्दल त्याचा आणि गिरणीचा मतभेद होता. पावती त्याने जपून ठेवलेली होती, पण ती उष्णतेने उमटणाऱ्या कागदावरची. अशा कागदावरची अक्षरे काही काळाने उडून जातात. पांढरा स्वच्छ कागद पुढे करून तो म्हणाला, “माझं वजन तुमच्या मशीनमंदी आहे का नाही, तेवढं सांगा.” प्रश्न साधा होता. वजन त्या फायलीत होते याबद्दल मला शंका नव्हती. ते बाहेर कसे काढायचे, एवढेच उरले होते.

आता थोडे मागे जाऊन ही यंत्रणा समजून घेऊ. प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्या भाषा भिन्न असतात. प्रत्येक डेटाबेसची नोंदी ठेवण्याची रीत निराळी, मागणी ऐकण्याची रीत निराळी. प्रत्येक प्रोग्रामने प्रत्येक डेटाबेसची भाषा शिकावयाची म्हटले तर त्याला दुसरे काम उरणार नाही. म्हणून मध्ये एक दुभाषी बसवितात. त्यास ड्रायव्हर म्हणतात. मोटारीच्या ड्रायव्हरशी त्याचा संबंध नाही. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी नावाची पद्धत आणली. तिच्यात प्रोग्रामने एकाच ठराविक भाषेत बोलावयाचे; मध्ये एक व्यवस्थापक असतो, तो यादी पाहून योग्य तो दुभाषी बोलावितो; आणि दुभाषी ती मागणी आपापल्या डेटाबेसच्या भाषेत सांगतो. कल्पना इतकी सोयीची होती की ती सर्वत्र पसरली, आणि आज तीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी बँकांपासून धर्मकाट्यापर्यंत ती कामाला जुंपलेली आहे.

या दुभाष्याविषयी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, आणि सर्व घोटाळ्याचे मूळ तीच आहे. हा दुभाषी दोन पक्षांच्या मध्ये स्वतंत्र खुर्ची टाकून बसत नाही. तो प्रोग्रामच्या घरात राहावयास जातो. प्रोग्राम सुरू झाला की संगणक त्याला स्मरणातील एक जागा तोडून देतो, आणि ड्रायव्हर त्याच जागेत, त्याच छपराखाली उतरतो. तेव्हा त्या घराची जी मापे असतील तीच त्याची असली पाहिजेत.

ही मापे म्हणजे काय? संगणकाच्या स्मरणातील प्रत्येक खणाला क्रमांक असतो, जसा वाड्यातील घराला असतो. ३२ दुहेरी अंकांनी जितके क्रमांक लिहिता येतात ते ४,२९,४९,६७,२९६ होत. म्हणजे सुमारे चार गिगाबाइट. एके काळी ही संख्या अफाट वाटत असे. पुढे संगणकाचे स्मरण तिच्यापलीकडे वाढले आणि ६४ अंकांचे क्रमांक लिहिणारी रचना घरोघर आली. नव्या रचनेत पत्ता लिहिण्याची जागाच दुप्पट लांबीची. ३२ अंकी घरात ६४ अंकी दुभाषी आणला, तर तो जो पत्ता लिहील तो यजमानाच्या वहीच्या रकान्यात मावणार नाही. उलट केले तरी तीच गत. म्हणून विंडोज अशी जोडणी होऊच देत नाही. एका प्रोग्रामच्या घरात सर्वांचे माप एकच, हा नियम आहे आणि त्याला अपवाद नाही.

मग नव्या ६४ अंकी विंडोजवर जुना ३२ अंकी प्रोग्राम चालतो तरी कसा? गोंदियाच्या स्थानकाप्रमाणे. विंडोजने आपल्या अंगणात दोन्ही रूळ टाकले आहेत. जुनी गाडी जुन्या रुळावरून धावते, नवी नव्यावरून. दोघींचे डबे मात्र निराळे. धर्मकाट्याचा प्रोग्राम ३२ अंकी आणि त्याचा ड्रायव्हरही ३२ अंकी, म्हणून ती गाडी मुकाट्याने चालली. (यापूर्वीची, म्हणजे १६ अंकी गाडी असती तर ती चाललीच नसती; तेवढा तिसरा रूळ ६४ अंकी विंडोजने ठेवलेला नाही. डॉसच्या काळातील जुन्या फॉक्सप्रोवर ज्या संस्थांचे हिशेब अजून आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावे.)

दोन रूळ म्हणजे दोन याद्याही आल्या. ३२ अंकी डेटास्रोतांची यादी वेगळी, ६४ अंकींची वेगळी, आणि प्रत्येक प्रोग्राम फक्त आपल्या रुळाची यादी वाचतो. येथे नामकरण करणाऱ्यांनी आपली भर घातली आहे. दोन्ही याद्या दाखविणाऱ्या साधनांचे फाइलनाव एकच, आणि त्या नावात ३२ हा आकडा दोन्हींकडे. एवढ्याने भागले नाही म्हणून ‘सिस्टिम ३२’ नावाच्या कोठारात ६४ अंकी माल ठेवलेला आहे, आणि ज्या कोठाराच्या नावाच्या शेवटी ६४ आहे त्यात ३२ अंकी! याला इतिहास आहे: असंख्य जुन्या प्रोग्रामांत पहिल्या कोठाराचे नाव कायमचे कोरलेले होते, ते बदलले असते तर सारेच मोडले असते. कारण समजले तरी राग यावयाचा तो येतोच. विंडोज ८ पासून निदान मेन्यूमध्ये कंसात ३२ किंवा ६४ असे स्पष्ट लिहू लागले, हे बरे झाले.

दिवाणजींच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. त्यांना दिसत होती ती ३२ अंकी यादी. खात्याचा प्रोग्राम शोधीत होता ६४ अंकी यादीत. पण तोच प्रोग्राम, एक अक्षर न बदलता, जुन्या संगणकावर चालत होता त्याचे काय? तर तो डॉटनेट नावाच्या पद्धतीने रचलेला होता, आणि रचताना कारागिराने ‘कोणतेही यंत्र चालेल’ हा पर्याय ठेवला होता. असा प्रोग्राम पाण्यासारखा असतो; ज्या भांड्यात ओतावा त्याचा आकार घेतो. जुन्या ३२ अंकी विंडोजवर तो ३२ अंकी झाला, नव्या विंडोजवर आपण होऊन ६४ अंकी झाला, आणि त्या क्षणी आपल्या जुन्या दुभाष्याला पारखा झाला. कारागिराने निष्काळजीपणा केला असे मी म्हणणार नाही. त्या काळी हीच रीत शिकविली जात होती.

या चुकीचे दोन चेहरे आहेत, ते ओळखता आले की पुष्कळ वेळ वाचतो. सर्व वापरकर्त्यांसाठीच्या याद्या दोन रुळांना स्वतंत्र असतात. तेव्हा चुकीच्या यादीत शोध झाला की ‘स्रोत सापडत नाही’ असे उत्तर येते आणि त्याचा क्रमांक आयएम ००२ असा असतो. पण एकेका वापरकर्त्याची खाजगी यादी दोन्ही रुळांना सामाईक आहे. त्यामुळे तेथील नाव सापडते, पण जोडू गेल्यावर डबा भलत्या गेजचा निघतो; मग ड्रायव्हर आणि प्रोग्राम यांची रचना जुळत नाही, असे सरळ सांगणारा आयएम ०१४ हा संदेश येतो. दुसरा संदेश प्रामाणिक आहे. पहिला खोटा नसला तरी माणसाला भलत्या वाटेला लावतो.

मग ६४ अंकी यादीतच तो स्रोत नव्याने घालावा, हे कोणालाही सुचेल. दिवाणजींच्या पुतण्यालाही सुचले होते. पण त्या यादीत अ‍ॅक्सेसचा ड्रायव्हरच नव्हता. अ‍ॅक्सेसच्या जुन्या फायली वाचणाऱ्या जेट नावाच्या यंत्राची ६४ अंकी आवृत्ती मायक्रोसॉफ्टने कधी काढलीच नाही. त्याच्या जागी पुढे आलेल्या एस नावाच्या यंत्राची ६४ अंकी आवृत्ती ऑफिस २०१० बरोबर निघाली. पुतण्याने ती आणून बसवावयास घेतली, तर ‘तुमचे ऑफिस ३२ अंकी आहे, ते काढल्यावाचून मी येणार नाही’ असे तिने बजावले. दोन सवतींचे घर करण्यास ती राजी नाही. अशा वेळी आडवळणाने दोघींना एकत्र कोंबण्याच्या युक्त्या लोक सांगतात. मी त्या करीत नाही. आज चालते आणि पुढच्या दुरुस्तीला ऑफिस मोडते, असा त्यांचा लौकिक आहे.

उपाय सोपा निघाला. डॉटनेटच्या प्रोग्रामच्या शीर्षभागात एक खूण असते. ती लावली की ६४ अंकी विंडोजवरही प्रोग्राम ३२ अंकी म्हणूनच सुरू होतो. मूळ संहिता हाती असती तर ती पुन्हा बांधतानाच हे करता आले असते. ती नव्हती, पण तयार प्रोग्रामवर ही खूण लावणारे छोटे साधन मायक्रोसॉफ्टनेच कारागिरांच्या साहित्यात दिलेले आहे. प्रोग्रामवर निर्मात्याची संरक्षक मुद्रा नव्हती, म्हणून तेही विनाअडथळा झाले. आधी प्रोग्रामची आणि डेटाच्या फायलीची प्रत दोन जागी काढून ठेवली, मग ती एक खूण बदलली. यादी उघडली, स्रोत सापडला, खाते छापले गेले.

येथे थांबता आले असते, पण ही तात्पुरती सोय होती. दुसरा मार्ग असा की प्रोग्राम ६४ अंकीच राहू द्यावा, ड्रायव्हर ३२ अंकीच राहू द्यावा, आणि दोघांच्या मध्ये एक छोटा ३२ अंकी मदतनीस स्वतंत्र घरात बसवावा. मदतनीस ड्रायव्हरला आपल्या घरी ठेवतो आणि नव्या प्रोग्रामशी निरोपानिरोपी करतो. गेज बदलते त्या स्थानकावर एका गाडीतील पोती हमाल दुसरीत भरतात, तसे हे काम. डबे जोडले जात नाहीत, माल तेवढा पुढे जातो. ते चालते, पण प्रत्येक पोत्यामागे हमाली पडते, म्हणजे वेळ लागतो.

तिसरा मार्ग गेजच बदलण्याचा. आपल्या वरठीवरून, म्हणजे भंडारा रोड स्थानकावरून जाणारा आजचा हमरस्ता मुळात ब्रॉडगेज नव्हता. १८८० च्या सुमारास नागपूरहून तुमसरकडे आणि पुढे छत्तीसगडकडे रेल्वे आली ती मीटरगेजची. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेतली आणि तिचा मोठा रूळ केला. हावडा-मुंबई हा सलग मार्ग त्यावाचून झालाच नसता. डेटाच्या बाबतीत याचा अर्थ असा की अ‍ॅक्सेसची फाइल सोडून नोंदी एखाद्या सर्व्हर जातीच्या डेटाबेसात, उदाहरणार्थ पोस्टग्रेसमध्ये, न्यावयाच्या. याने नेमके काय साधते? अ‍ॅक्सेसच्या बाबतीत ड्रायव्हर नुसता दुभाषी नसतो, फाइल उघडून नोंदी लिहिणारा कारकूनही तोच असतो. सारा डेटाबेस प्रोग्रामच्या घरात शिरतो. सर्व्हरचे तसे नाही. तो आपल्या स्वतंत्र घरात बसतो आणि तारेवरून बोलतो. तारेला ३२ काय अन् ६४ काय! मग ३२ अंकी जुन्या प्रोग्रामला ३२ अंकी ड्रायव्हर, ६४ अंकी नव्याला ६४ अंकी, आणि दोघेही त्याच एका ६४ अंकी सर्व्हरशी बोलतात. हंगामभर दोन्ही प्रोग्राम शेजारी शेजारी चालवून ताडून पाहता येतात.

मात्र तारेवरच्या बोलण्यालाही वय होते. मायएसक्यूएलने २०१८ साली आपल्या ८.० आवृत्तीत परवलीचा शब्द तपासण्याची नेहमीची रीत बदलली, आणि अंकांची मापे तंतोतंत जुळत असूनही कितीतरी जुने ड्रायव्हर दारातूनच परत फिरले. तारेवरील गुप्त बोलीच्या टीएलएस १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या २०२१ साली अधिकृतपणे त्याज्य ठरल्या. जुन्या ड्रायव्हरला नवी बोली येत नाही, नव्या सर्व्हरला जुनी नको असते. तेव्हा ‘जुळत नाही’ म्हटल्याबरोबर ३२ आणि ६४ कडेच बोट दाखवू नये. चुकीचा क्रमांक आधी वाचावा.

गिरणीने शेवटी तिसरा मार्ग पत्करला, आणि खरे काम तेथून पुढे सुरू झाले. पहिल्याच प्रयोगात शेतकऱ्यांची नावे इंग्रजी अक्षरांच्या अगम्य गुंत्यासारखी दिसली. दिवाणजी म्हणाले, ड्रायव्हरने नावे नासवली. बिचाऱ्याने तसे काही केले नव्हते. जुन्या काळी मराठी टंक म्हणजे इंग्रजी अक्षरांवर चढविलेला मराठी मुखवटा असे. फायलीत साठे इंग्रजी अक्षरेच, पडद्यावर मुखवट्यामुळे मराठी दिसे. ड्रायव्हरने जे साठलेले होते ते इमानाने आणून दिले, मुखवटा मात्र मागे राहिला. नावे युनिकोडमध्ये आणण्यासाठी अक्षर-अक्षराचा तक्ता लागतो, आणि ऱ्हस्व वेलांटी व रफार या दोन ठिकाणी तो हमखास अडखळतो, कारण मुखवट्यात ही चिन्हे दिसतात त्या क्रमाने साठतात आणि युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. यंत्राने नव्वद वाटे केले तरी उरलेले दहा दिवाणजींनी चष्मा लावून वाचले.

दुसरी चूक अधिक घातक होती, कारण ती दिसत नव्हती. पावत्यांची संख्या जुन्या-नव्या दोन्हींकडे जुळली, एकूण वजनही किलोपर्यंत जुळले, आणि मी समाधानाने उठणार तोच दिवाणजी म्हणाले, हंगामवार दाखवा. हंगामवार काढले तर खरिपाचे धान घटलेले आणि उन्हाळी धान फुगलेले! ५ नोव्हेंबर ही तारीख आपण ५/११ अशी लिहितो. अमेरिकी रिवाजात महिना आधी येतो आणि जुन्या यंत्राच्या आज्ञा तोच रिवाज पाळतात. तेथे ५/११ म्हणजे ११ मे. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात खरिपाचे धान काट्यावर येते आणि मे महिन्यात उन्हाळी, त्यामुळे चुकलेली तारीखसुद्धा अगदी खरी वाटते. तेरा तारखेपासून पुढच्या नोंदी बरोबर राहतात, कारण तेरावा महिना नसतो. चुकतात त्या पहिल्या बारा दिवसांतल्या, म्हणजे चूक अर्धीमुर्धी राहते आणि म्हणूनच लपते. शासनासाठी भरडाई करणाऱ्या गिरणीला क्विंटलमागे ६७ किलो कच्चा तांदूळ परत द्यावा लागतो, तोही त्या त्या हंगामाच्या हिशेबाने. दिवाणजींनी हंगाम विचारला नसता तर हा घोळ तपासणीच्या दिवशी उघडकीस आला असता.

तारखा वर्ष-महिना-दिवस या निःसंदिग्ध क्रमाने काढून सर्व नोंदी पुन्हा नेल्या. या वेळी चार गोष्टी ताडल्या: पावत्यांची संख्या, एकूण वजन, हंगामवार वजन, आणि कोठूनही उचललेल्या शंभर पावत्या जुन्या पडद्याशी समोरासमोर. त्याशिवाय सर्व नोंदी साध्या मजकुराच्या फायलीतही काढून ठेवल्या, कारण ती उघडण्यास कोणत्याच दुभाष्याची गरज पडत नाही.

लाखांदूरच्या त्या शेतकऱ्याची नोंद पहिल्या दिवशीच, ती खूण बदलल्यावर, सापडली होती. त्याने दोन ट्रॉल्या घातल्या होत्या. खात्यावर एकच चढली होती. दुसऱ्या पावतीवर त्याच्या नावातली एक वेलांटी निराळी पडल्यामुळे ती वेगळ्याच खात्यात जाऊन बसली होती. दिवाणजींनी दोन्ही वजने मोठ्याने वाचून दाखविली, त्याने मान हलविली, आणि दुसऱ्या ट्रॉलीचे पैसे त्याच आठवड्यात त्याला मिळाले.